येऊन येऊन येणार कोण

शेजारच्या मुलीनं आमच्या कट्ट्यावर रंगवलेले पुठ्ठे वाळत घातले होते. हिरवी सायकल, खाली 'सोमवारी सायकल', मराठी आणि कन्नडमध्ये. सायकलीला पेडल काढायचं राहिलं होतं. दुपारभर मला तेच खुपत होतं.

"काय करूलालीस गं?"

"प्रचार, काका."

ती यंदा कॉलेजच्या विद्यार्थी संघाची सेक्रेटरी. आमच्या कर्नाटकात कॉलेजातल्या थेट निवडणुका १९८९ च्या सुमारास बंद झाल्या, हिला मार्क बघून नेमलंय. मतं मागायची नाहीत, मग प्रचार कसला? तर सायकलस्टँडला छप्पर हवं, आणि सोमवारी गाड्या घरी ठेवा. सकाळी वर्गावर्गातून सह्या, दुपारी प्राचार्यांची खोली, रात्री ग्रुपवर भांडणं. ही सगळी धावपळ वडिलांच्या स्कूटरवर. मी काही बोललो नाही.

देशात जिथं अजून अशा निवडणुका होतात, तिथं २००६ च्या लिंगडोह समितीचे नियम. छापील पोस्टर नको, हातानं रंगवलेलं चालेल. खर्च ५,००० रुपयांच्या आत. प्रचाराला भोंगा नको, वाहन नको, जनावर नको. प्रचाराला जनावर कुणी नेलं होतं, हे मला एकदा कळायला हवं.

मामाच्या वेळी वाहन म्हणजे सायकलच. त्याच्या मित्राला निवडून आणायला अख्खी गल्ली निघाली होती. मी शाळकरी, मामाच्या कॅरिअरवर, हातात झेंडा, पाय चाकात जाऊ नयेत म्हणून फाकवलेले. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाशी आलो आणि गेट पडलं. उमेदवार आणि पुढची पोरं पलीकडे निसटली, आम्ही अलीकडे. मामाला थांबणं माहीतच नव्हतं. तो ओरडला, "येऊन येऊन येणार कोण?" पलीकडून उत्तर यायला हवं होतं, पण पलीकडं सगळ्यांत पुढं खुद्द उमेदवार. आपलंच नाव आपण कसं ओरडावं, म्हणून तो लाजून गप्प. तो गप्प म्हणून बाकीचेही गप्प. मामानं पुन्हा विचारलं. एवढ्यात मीटरगेजची गाडी मधे आली आणि खिडकीतून एक गृहस्थ ओरडले, "आम्ही चाललोय, लोंढ्याला!"

मित्र पडला. मामा आजही दोष गेटाला देतो.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. ती हसली, पेडल मात्र काढलं नाही. मी विचारलं, खानापूर-जांबोटीकडनं येणाऱ्यांनी काय करायचं? तिकडनं सायकल मारत कोण येणार? तिनं पिशवीतून दुसरा कागद काढला. सकाळी एक जादा बस हवी, असा परिवहनला अर्ज. ११ जून २०२३ पासून राज्याच्या 'शक्ती' योजनेमुळं मुलींना साध्या बसचं तिकीट नाही, पण त्यासाठी बस थांबावी लागते. भरून आलेली बस मधल्या गावांत थांबत नाही. मग पोरी पावसात, छत्री धरून, पुढच्या बसची वाट बघतात आणि पहिला तास जातो.

सायकलस्टँडचा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. या कागदावर चार-पाचच सह्या.

"इतक्या कमी?"

"मी सह्या घ्यायला कॉलेज सुटल्यावर उभी राहते, काका. त्या पोरी शेवटचा तास सोडून बस गाठायला गेलेल्या असतात."