पान ७ वर

परवा दुपारी माळ्यावरून गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, पेटी काढली. पेटी आपली म्हणायची. खरं तर ते कुठल्याशा मिक्सरचं खोकं आहे, आणि तो मिक्सर आमच्या घरात कधीच नव्हता. खोक्यावर पप्पांच्या अक्षरात 'नाताळ' लिहिलेलं आणि त्याखाली 'सांभाळून'. पप्पांना जाऊन सहा महिने झाले. तो 'सांभाळून' कोणासाठी होता, मला की उचलणाऱ्या कोणालाही, हे विचारायचं राहून गेलं.

यंदा गोठा मांडायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. आईने काही ठरवलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "खोकं तरी खाली काढून बघ, उंदीर लागले असतील." आमच्या घरातले मोठे निर्णय असेच होतात, उंदरांच्या नावावर.

उंदीर लागले नव्हते. सगळे जण आपापल्या वर्तमानपत्राच्या कागदात गुडूप. आमचे पुतळे प्लास्टरचे. मेंढपाळाचं नाक माझ्या जन्माआधीच गेलेलं. एका राजाचा हात दोनदा चिकटवलेला, त्यामुळे तो भेट देतोय की परत मागतोय ते कळत नाही. उंट बाकीच्यांच्या मानाने अवाढव्य, गोठ्यात मावतच नाही, दरवर्षी बाहेर उभा. बैल आणि गाढव बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात कुठेही नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे, पण इतक्या वर्षांच्या रहिवाशांना बाहेर काढायची माझी हिंमत नाही.

गोठा मांडायला पप्पा बसले की तास गेलाच समजायचा. पुतळा बाहेर काढून बाजूला ठेवायचे, आणि ज्यात तो गुंडाळलेला होता तो कागद मांडीवर पसरून, तळव्याने सुरकुत्या काढून वाचायला लागायचे. मोठ्याने. गोठा आवरायचा दिवस ठरलेला, ६ जानेवारी, राजांच्या भेटीचा सण. राजे येऊन पोचले की दुसऱ्या मिनिटाला सगळ्यांची बांधाबांध. त्यामुळे बातम्या नेहमी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या आणि अकरा महिने शिळ्या. संप, अपघात, कुठली बँक बुडाली, कुठला सामना हातचा गेला. आणि ऐन रंगात आलं की खाली कंसात 'पान ७ वर'. पान ७ योसेफाच्या अंगावर असायचं, नाहीतर उंटाच्या. मग योसेफाला सोडवा.

"अहो, आधी गोठा," आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

"थांब गं, त्या हरवलेल्या मुलीचं काय झालं ते तर कळू दे."

ते बहुतेक वेळा कळत नसे. पान ७ रद्दीत गेलेलं असायचं. पप्पा संध्याकाळभर अस्वस्थ. जेवताना मध्येच म्हणायचे, "सापडली असणार." कोण, ते आम्हाला विचारावं लागत नसे.

माझा लहानपणचा हट्ट वेगळाच. बाळ येशूला वाईट बातमीत गुंडाळायचं नाही. मेंढपाळांना खून चालतील, राजांना राजकारण चालेल, पण बाळाला मुलांच्या पुरवणीचंच पान हवं. ते नसेल तर निदान राशिभविष्य. "राशिभविष्यापेक्षा खून परवडला," पप्पा म्हणायचे, आणि निमूटपणे पुरवणी शोधायला उठायचे. सात-आठ वर्षांच्या मुलीला कोण सांगणार की लूकने पहिल्याच धडाक्यात काय लिहून ठेवलंय: बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत जागा नव्हती. बाळंतं काही कोऱ्या कापडाचं नसतं. वापरून, धुऊन, विरून मऊ झालेलं असतं. आणि सरकारने नावनोंदणीचा हुकूम काढला म्हणून दिवस भरलेल्या बाईला घेऊन प्रवासाला निघावं लागणं, ही काही पुरवणीतली गोष्ट नव्हे. पहिल्या पानाची बातमी आहे ती, अर्थात त्या दिवसांत ती कुणी छापली नसती.

एक वर्ष पप्पांनी कागद वाचले नाहीत. २००५ चा डिसेंबर. त्यातले कागद त्याच वर्षाच्या जानेवारीतले, म्हणजे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतरचे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी समुद्र आत आला आणि दोन लाखांहून अधिक माणसं गेली. मेंढपाळ काढला, त्याच्या भोवती किनाऱ्याचा फोटो. मरिया काढली, तिच्या भोवती नावांची यादी. पप्पांनी एकेक कागद न बघता घडी करून मांडीखाली सारला. मी विचारलं, वाचत का नाही? तर म्हणाले, "याचं पान ७ मत्तयात आहे."

मला तेव्हा कळलं नाही. मोठेपणी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय सलग वाचला तेव्हा लागलं. नाताळच्या नाटकात आम्ही राजांपाशी पडदा पाडतो, टाळ्या घेतो आणि खाऊच्या पिशव्या वाटतो. मत्तय पडदा पाडत नाही. राजे वळतात न वळतात तोच योसेफ रातोरात मायलेकरांना घेऊन मिसरची वाट धरतो. योसेफ रातोरात मायलेकरांना घेऊन मिसरची वाट धरतो. आणि मागे इस्राएलची आदिमाता राहेल रडत असते, आपल्या मुलांसाठी, आणि ती सांत्वन पावत नाही. हे वाक्य मत्तयाने यिर्मया संदेष्ट्याकडून घेतलं आणि जसंच्या तसं ठेवलं. तिच्या तोंडावर कोणी 'देवाची इच्छा' असं मारलेलं नाही, 'काळ हेच औषध' म्हटलेलं नाही. रडणारी बाई ख्रिस्तजन्माच्या गोष्टीत रडतीच ठेवली आहे. मला त्याबद्दल मत्तयाचा फार आधार वाटतो. एरवी जकातदार माणूस, त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

रविवारच्या शाळेत मला एकदा देवदूताचं काम मिळालं होतं. पुठ्ठ्याचे पंख, आणि एकच ओळ: 'त्याला इम्मानुएल हे नाव देतील; ह्या नावाचा अर्थ, आम्हांबरोबर देव.' पाठ झाली, पण समजली भलतीच. आमच्या बाई वहीत बरोबर उत्तरासमोर लाल शाईने 'बरोबर' लिहायच्या. मला वाटलं, देव आमच्या वहीवर तसंच लिहितोय. आम्हां बरोबर. आमचं बरोबर. मग तालमीत मी ती ओळ अशा काही ठसक्यात म्हटली की बाईंनी विचारलं, "अगं, भांडतेस कोणाशी?"

हे हसण्यावारी गेलं, पण खरं सांगू, ती चूक माझ्या डोक्यातून कधी पूर्ण गेलीच नाही. काही बिनसलं की पहिला प्रश्न तोच येतो: हे बरोबर आहे का? आणि उत्तर म्हणून जे नाव मिळतं त्यातही तोच शब्द असतो, फक्त दुसऱ्या अर्थाचा. हिशेब विचारावा आणि सोबत मिळावी, तसं. आधी मला ही फसवणूक वाटायची. बरं, ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेही सुखाच्या दिवसांत नाही. ख्रिस्ताच्या सातशेहून अधिक वर्षं आधी, यहूदाच्या आहाज राजावर अराम आणि इस्राएल मिळून चालून येतात, तेव्हा वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तशी राजाची आणि लोकांची मनं हलली, असं यशया संदेष्टा लिहितो. त्या हललेल्या मनांना इम्मानुएल हे नाव ऐकवलं गेलं. आहाजाला काही ते पटलं नाही. त्याने अश्शूरच्या राजाकडे खजिना पाठवला. मला आहाजाचा राग येत नाही. मीही गेल्या वर्षी प्रत्येक ओळखीच्या डॉक्टरला फोन केले.

गेल्या वर्षी नाताळच्या आधीचे नऊ दिवस पप्पा अतिदक्षता विभागात होते. त्या दाराला आमच्या बाजूने मूठच नव्हती. आतून कोणी उघडलं तरच उघडायचं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि कोपऱ्यात चमचमत्या कागदातली खोकी मांडलेलं एक झाड. एका लहान मुलाने त्यातलं एक खोकं हलवून पाहिलं आणि आईला सांगितलं, "रिकामं आहे." ती म्हणाली, "माहितीये."

भेटायला येणारे भरपूर बोलायचे. देव आपल्याच माणसांची परीक्षा पाहतो, सणासुदीत असं व्हायला नको होतं, आमच्या साडूंचंही अगदी हेच झालं होतं (साडू कसे आहेत ते विचारायची सोय नव्हती). बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तोवर उत्तम होते. बोलायला लागले आणि मग पुढचे तीसेक अध्याय आवरेनात. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक काका मात्र एका दुपारी आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि थोड्या वेळाने चक्क घोरायला लागले. तीन तासांनी उठले, "येतो" म्हणाले आणि गेले. त्या नऊ दिवसांतली एवढी एक दुपार मला बरी गेली.

डिट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाचं एक पत्र पप्पांना आवडायचं. हिटलरच्या विरोधात गेले म्हणून एप्रिल १९४३ मध्ये त्यांना पकडून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवलं. त्या नोव्हेंबरात त्यांनी मित्राला लिहिलं की तुरुंगाची कोठडी बरीचशी आगमनकाळासारखी, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या आधीच्या आठवड्यांसारखी, आहे: माणूस वाट पाहतो, आशा धरतो, काहीबाही करत राहतो, पण दार बंद असतं आणि ते बाहेरूनच उघडतं. त्यांचं दार सुटकेसाठी उघडलं नाही. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी दिलं. आमच्या दाराचं उलटं होतं, आम्ही बाहेर आणि उघडणारे आत. मी बाहेर बसून, वर छताकडे बघून देवाला हाका मारत होते. तो दाराच्या पलीकडे, पप्पांच्या उशापाशी असू शकेल, हे मला नऊ दिवसांत एकदाही सुचलं नाही.

२३ तारखेला घरी सोडलं. मी विचारलं, आत काय करायचात हो दिवसभर?

"रात्रीचे दिवे बंदच करत नाहीत गं. झोप कुठली? तेविसावं स्तोत्र म्हणत पडायचो. पण गुंगीत चुकायचं. तो म्हणता म्हणता तू व्हायचं."

"म्हणजे?"

"तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो, असं नीट चाललेलं असायचं. आणि मध्येच एकदम तू. परत पहिल्यापासून सुरू करायचो. परत तेच."

त्या रात्री मी बायबलमधून ते स्तोत्र काढून पाहिलं. तीन ओव्यांपर्यंत 'तो' आहे. मेंढपाळ आहे, कुरण आहे, संथ पाणी आहे, आणि तो आहे. चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी लागते आणि तिथेच, कुठलीही सूचना न देता, 'तू मजबरोबर आहेस'. दाविदाच्या नावावरचं हे स्तोत्र जगभर पाठ आहे, मलाही शाळेच्या आधीपासून पाठ आहे, आणि हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं. म्हणजे पप्पांचं चुकत नव्हतं. बरोबर होतं. हे सांगायला गेले तर ते झोपले होते. सकाळी सांगितलं तेव्हा म्हणाले, "असं होय," आणि चहा मागितला.

असो. मी खोक्याबद्दल सांगत होते. सगळे पुतळे निघाले, मांडीसमोर रांग लागली, पण बाळ काही सापडेना. खोकं उलटं केलं. उंटाच्या पायांत पाहिलं. गव्हाणी रिकामी. तशी रिकाम्या गव्हाणीची परंपरा जुनी आहे म्हणा. १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो इथे पहिल्यांदा असा देखावा मांडला, तेव्हा गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांचीच व्यवस्था केल्याचं त्यांचा चरित्रकार चेलानोचा थोमस लिहितो. जमलेल्यांपैकी एकाला मात्र गव्हाणीत निजलेलं बाळ दिसलं, आणि फ्रान्सिस त्याला झोपेतून उठवताहेत असं दिसलं. फ्रान्सिसची तब्येत तेव्हा ढासळत चालली होती. त्यानंतर तीनच वर्षांनी ते गेले. पण मी दृष्टान्त वगैरे होणाऱ्यांतली नाही. मला बाळ हवं होतं, प्लास्टरचं, उजव्या टाचेचा टवका उडालेलं.

"मिळालं का?" आई दारात येऊन उभी.

"रद्दीत गेलं वाटतं."

"ह्यांनी आवरलं होतं ना या वर्षी? मग जाणार नाही."

खरंच, जानेवारीत पप्पांनीच आवरलं होतं, खुर्चीत बसून, थरथरत्या हातांनी, कोणाला हात लावू न देता. मी बाजूला टाकलेले बोळे पुन्हा चाचपायला लागले. एक बोळा वर्तमानपत्राचा नव्हता. पांढरा, जाड कागद. खोक्यात फटी भरायला कोंबलेला असेल म्हणून मी तो मघाशीच भिरकावला होता. आत टाच लागली.

कागद पप्पांच्या रक्ततपासणीचा होता, २ जानेवारीचा. वर नाव, वय, आणि खाली आकड्यांची उतरंड, त्यातले बरेचसे ठळक छापलेले. ठळक म्हणजे काय ते आता घरात सगळ्यांना कळतं. मी तळव्याने सुरकुत्या काढल्या. अगदी खाली, कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं: पान १, एकूण २. दुसरं पान खोक्यात नव्हतं.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं. तिचा चष्मा आत होता.

"अर्धंच आहे. पुढचं दुसऱ्या पानावर."

"बरं," ती म्हणाली. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बाळ आजच ठेवू नकोस हं. चोवीसला रात्री ठेवू."

मी ते परत त्याच कागदात गुंडाळलं.