रक्तातला आजार छातीत कसा उतरतो?

“एचआयव्ही तर रक्तात असतो ना? मग यांच्या छातीत कसा उतरला?” रिपोर्ट घ्यायला आलेले नातेवाईक दारातच हे विचारतात. कुणी भाऊ असतो, कुणी मुलगी. मी प्रयोगशाळेत फुफ्फुस धुऊन आणलेलं पाणी तपासते, तेव्हा उभ्या उभ्या जमेल तेवढं सांगते. ते नेहमीच अपुरं पडतं. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून आज सवडीनं लिहितेय.

आधी ते पाणी कसलं ते सांगते. ब्रॉन्कोस्कोपी करताना डॉक्टर दुर्बिणीची नळी श्वासनलिकेच्या एका फांदीत नेऊन टेकवतात, थोडं थोडं सलाइन आत सोडतात आणि लगेच ओढून घेतात. परत येतं ते गढूळसर असतं आणि वर फेस असतो. वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून शरीर त्यांना आतून एका द्रव्याचा पातळ लेप देतं, त्याचा हा फेस. पाणी यंत्रात जोरात फिरवून तळाशी बसलेल्या पेशी काचेवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि बघायच्या. निरोगी आणि सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या काचेवर दहातल्या आठ-नऊ पेशी एकाच जातीच्या दिसतात: मोठ्या, गोल, फेसाळ पोटाच्या. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. त्यांच्या पोटात पुष्कळदा काळे ठिपके असतात. ती त्या माणसानं श्वासातून आत घेतलेली धूळ आणि काजळी. सिगारेट ओढणाऱ्याच्या पेशी तर तपकिरी कणांनी भरलेल्या असतात.

आपण दिवसाला साधारण १०,००० लिटर हवा आत घेतो. त्यातला बराच कचरा नाकात आणि श्वासनलिकेतल्या चिकट थरात अडकतो, आणि तिथले सूक्ष्म केस तो वर ढकलत घशाशी आणतात. त्यातूनही जे खाली पोचतं ते या मॅक्रोफेज गिळतात, आणि तेही गाजावाजा न करता. वायुकोशाची भिंत इतकी पातळ असते की प्रत्येक कणापायी सूज आली तर श्वासच घेता येणार नाही.

पण गिळलं म्हणजे मेलं असं नाही. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटात मजेत राहतो. त्याला मारायला तिला सीडी४ पेशींची साथ लागते; या म्हणजे शरीराच्या संरक्षणाची सूत्रं हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडतात, तेव्हा कुठे तिच्या अंगात बळ येतं. आणि एचआयव्ही घुसतो तो नेमका याच सीडी४ पेशींत.

रक्तात फिरणाऱ्या पुष्कळशा सीडी४ पेशी अजून कुठल्याच जंतूला न भेटलेल्या, स्वस्थ असतात. आतड्याच्या आणि श्वासमार्गाच्या अस्तरात ठाण मांडून बसलेल्या मात्र अनुभवी. विषाणूला आत शिरायला पेशीवरच्या सीडी४ या रेणूखेरीज सीसीआर५ नावाचा आणखी एक दुवा लागतो, आणि तो या अनुभवी पेशींवर भरपूर असतो. म्हणून पहिला घाव तिथे बसतो. माकडांमधला एचआयव्हीचा भाऊबंद म्हणजे एसआयव्ही. त्याची लागण झालेल्या र्‍हीसस माकडांची फुफ्फुसं धुऊन पाहिली, तर पहिल्या काही आठवड्यांतच या पेशी कमालीच्या घटलेल्या दिसतात.

माणसात हे इतकं सरळ दिसत नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काचेवर कित्येकदा पेशींची गर्दीच दिसते, कारण विषाणूच्या मागावर सीडी८ पेशी, म्हणजे लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, फुफ्फुसात लोटलेल्या असतात. सीडी४ सुद्धा मोजायला गेलं तर बऱ्यापैकी भरतात. पण क्षयाचा जंतू ओळखणाऱ्या नेमक्या पेशी त्यातून गळालेल्या असतात. मॅक्रोफेजही सुटत नाहीत. मलावीतल्या अभ्यासात असं दिसलं की त्यांच्यातल्या लहान आकाराच्या पेशींत विषाणू जास्त सापडतो आणि त्यांची गिळायची ताकद कमी झालेली असते. अँटिबॉडींचंही तेच: रक्तात एकूण प्रमाण वाढलेलं, पण न्यूमोकॉकससारख्या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूविरुद्ध कामी येतील अशा मोजक्याच. म्हणून साधा वाटणारा न्यूमोनियासुद्धा या माणसांना पुन्हा पुन्हा गाठतो.

या आजाराची पहिली बातमीच मुळात फुफ्फुसानं दिली होती. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद छापून आली. पाचही जणांना न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया झालेला होता. धडधाकट माणसाला तो होत नाही. विषाणू सापडला त्यानंतर दोन वर्षांनी. आणि या विषाणूकुळाची त्याहून जुनी कथा मेंढ्यांची आहे. १९३३ मध्ये आइसलँडनं जर्मनीहून काराकुल मेंढे आणले. पुढे तिथल्या कळपांत मेंढ्या धापा टाकत मरू लागल्या. लोकांनी आजाराला ‘माइदी’ नाव दिलं, त्यांच्या भाषेत धाप लागणे. तो विषाणूही मॅक्रोफेजमध्येच राहतो, पण प्रतिकारशक्ती ढासळवत नाही. फुफ्फुसच सुजवून जड करतो. आइसलँडचे शास्त्रज्ञ ब्योर्न सिगुर्डसन यांनी १९५४ मध्ये अशा आजारांना ‘संथ’ संसर्ग म्हटलं. या कुळाच्या लेंटिव्हायरस या नावातही तोच संथपणा आहे.

तर मूळ प्रश्नाकडे. बहुतेकांना वाटतं, रक्तातल्या सीडी४ पेशींचा आकडा (एका घन मिलिमीटरमागे) २०० खाली गेला की मग छातीचे आजार सुरू होतात. न्यूमोसिस्टिसबाबत ते बरंचसं खरं आहे, म्हणून तर तो टाळायला कोट्रायमॉक्सझोल नावाचं जंतुविरोधी औषध देतात. क्षय मात्र वाट बघत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत लागणीनंतर वर्षभरातच क्षयाचा धोका दुप्पट झालेला आढळला. आकडा रक्ताचा असतो. फुफ्फुसात काय चाललंय ते त्यातून कळत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांना फार गोंधळात टाकते. एचआयव्ही वाढलेल्या माणसाला क्षय असला तरी थुंकी तपासली तर पुष्कळदा स्वच्छ येते, एक्स-रे सुद्धा कधीकधी जवळपास साफ. “काहीच नाही म्हणाले, मग हे का खंगतायत?” क्षयात फुफ्फुसाला पडणारा खड्डा एकटा जंतू पाडत नाही; शरीराची त्याच्याशी झटापट होते त्यात तो पडतो. लढायलाच कुणी नसेल तर खड्डा नाही, आणि खड्डा नाही म्हणून थुंकीत जंतूही कमी. उलट एचआयव्हीची औषधं सुरू झाल्यावर कधीकधी काही आठवड्यांत ताप उसळतो, गाठी सुजतात. औषध लागू पडत नाही असं समजून घरचे ते बंद करायला निघतात. मी हात जोडून सांगते, थांबवू नका. परतलेल्या पेशींना लपलेला क्षय सापडलेला असतो. डॉक्टरांना दाखवा, ते सूज आवरायचं औषध देतील, पण गोळ्या चालू ठेवा.

गोळ्यांनी खूप बदललं. १९९६ नंतर तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि न्यूमोसिस्टिस झपाट्यानं घटला. आता आकडा कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करतात. तरीही रक्तात विषाणू सापडेनासा झाला म्हणजे फुफ्फुस पूर्ववत झालं असं नाही. मॅक्रोफेजमध्ये तो दडून राहू शकतो, आणि न्यूमोनियाचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्तच राहतो.

मागच्या वेळी एक ताई रिपोर्ट हातात घेऊन निघता निघता थबकल्या. “त्यांचा आकडा चांगला आहे, खोकला फक्त चार दिवसांचा आहे. दोन आठवडे थांबू ना?” मी म्हटलं, नाही ताई. दोन आठवड्यांचा नियम इतरांसाठी. एचआयव्ही असेल तर खोकला किती दिवसांचा ते बघायचं नाही. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, यातलं एक जरी असलं तरी क्षयाची तपासणी करून घ्यायची. त्या तिथूनच त्यांना फोन लावायला लागल्या.