पाकिटं बदलली, जीन तेच

मे २०२४. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर, आणि आमच्या कृषी सेवा केंद्रापुढं शटर उघडायच्या आधीपासून रांग. सगळ्यांना कपाशीचा एकच वाण पाहिजे होता. माल इतका कमी आलेला, की माणशी दोन पाकिटं देत होतो, आणि तीही शेवटपर्यंत पुरणार नाहीत हे सकाळीच दिसत होतं. बाकीच्या कंपन्यांची पाकिटं फळीवर छतापर्यंत रचलेली. त्यांच्याकडं कोणी ढुंकून पाहत नव्हतं.

दुपारी माल संपला. रांग शिव्या देत पांगली, एक काका मात्र काउंटरवर हात टेकून उभेच राहिले. सोबत पुतण्या, कृषी पदवीला शिकणारा. काकांनी पिशवीतून मागच्या वर्षीची रिकामी पाकिटं काढली, सुतळीनं बांधलेली, बिलासकट. हे शहाणपण फार थोड्यांकडं असतं. बियाणं उगवलं नाही आणि तक्रार समिती पंचनाम्याला आली, की पाकीट, लेबल आणि लॉट नंबर लिहिलेलं बिल नसलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही.

"ह्या कंपनीचं नोको, भाऊ. मागच्या साली गुलाबी अळीनं सारी बोंडं खाल्ली. कंपनी बदलून द्या."

मी तीन-चार पाकिटं पुढं ठेवली. पुतण्या एकेक उलटं करून बारीक अक्षरं वाचायला लागला. "मोठेबाबा, ह्याच्यावर बीजी-टू. ह्याच्यावरबी बीजी-टू. साऱ्यावर तेच हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मंग कंपनी बदलून अळी कशी थांबन, दादा?"

एरवी हंगामात अशा प्रश्नाला "पुढं चला" हेच उत्तर. पण गर्दी नव्हती.

वाण वेगळे असतात हे खोटं नाही, मी म्हणालो. बोंडाचा आकार, वेचणीला सोपं की अवघड, पीक लवकर निघतं की रेंगाळतं, हे ज्या त्या कंपनीच्या संकराचं. पण बीजी-टू म्हणजे अळीला मारणारी दोन जीन घातलेलं बीटी बियाणं, आणि ती जीन सगळीकडं तीच दोन, क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी. दोन्हींचा उगम मोन्सँटो ही अमेरिकी कंपनी. आपल्या जालन्याच्या महिको ह्या बियाणे कंपनीत तिनं १९९८ साली २६ टक्के हिस्सा घेतला. पुढं दोघांच्या भागीदारीतल्या कंपनीनं हे तंत्रज्ञान देशातल्या चाळीसहून अधिक कंपन्यांना परवान्यानं दिलं. २००२ साली पहिलं बीटी, २००६ साली बीजी-टू. गुलाबी बोंडअळीनं ते पचवलं तेव्हा एका पाकिटातलं नाही, सगळ्याच पाकिटांतलं निकामी झालं. २०१७ च्या हंगामात ह्या अळीनं विदर्भात काय केलं, ते काकांना सांगायची गरज नव्हती.

काकांनी फळीकडं पाहिलं. "मंग इतके रंग कायले?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. लोक भावावरून भांडतात, पण माझ्या मते दुखणं आता भावाचं राहिलेलं नाही. सुरुवातीला ४५० ग्रॅमला सोळाशेच्या वर मोजावे लागत. २०१६ पासून केंद्र सरकार दर बांधून देतं, पाकिटामागची ४९ रुपयांची रॉयल्टी उतरत उतरत २०२० साली शून्यावर आली. त्या दिवशी ४७५ ग्रॅमचं पाकीट ८६४ रुपयांना होतं. दुखणं हे, की दुसरं काही मिळत नाही आणि हेही दरसाल विकतच घ्यावं लागतं. २००१ चा कायदा शेतकऱ्याला घरचं बियाणं राखायचा हक्क देतो. पण आपली जवळपास सगळी कपाशी संकरित. तिची सरकी ठेवून लावली तर एक झाड दुसऱ्यासारखं निघत नाही. हक्क कागदावर, सरकी ढेपेला.

"आमचा बाप गावरानी लावे. सरकी घरचीच," काका म्हणाले. "पिके कमी, पन अशी रांग नोती."

तेवढ्यात एका कंपनीचा प्रतिनिधी गाडी लावून आत आला. जगातल्या बड्या बियाणं-औषध कंपन्या मधल्या काळात एकमेकींत मिसळल्या: २०१७ साली चीनच्या केमचायनानं सिंजेंटा घेतली, डाऊ आणि ड्यूपाँट एक झाल्या, पुढच्या वर्षी बायरनं सुमारे ६३ अब्ज डॉलर मोजून मोन्सँटो गिळली. त्या काळात आमच्याकडं येणारी माणसं तीच, मोटारसायकली त्याच, फक्त व्हिजिटिंग कार्डं नवी. बियाणं विकणारा आणि फवारणीचं औषध विकणारा एकाच छताखाली आले. हा गडी ह्या बड्यांपैकी नव्हता, देशी कंपनीचा होता. पण रीत खालपर्यंत झिरपतेच. रांगेतला वाण आणखी हवा असेल तर सोबत न खपलेल्या कीटकनाशकाचे बॉक्स उचला, म्हणाला. ह्याला आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात. कायद्यानं चालत नाही, बिलावर दिसत नाही, आणि नाही म्हणणारा दुकानदार पुढच्या खेपेला यादीच्या तळाशी जातो. मी त्याला संध्याकाळी ये म्हटलं.

काकांनी शेवटी लवकर निघणाऱ्या वाणाची दोन पाकिटं घेतली. मी बिलावर लॉट नंबर घातला, अळीचे नर पतंग पकडणारे कामगंध सापळे काढून दिले आणि बजावलं, की डिसेंबरात पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करा, फरदड, म्हणजे पुढच्या बोंडांसाठी उभं ठेवलेलं जुनं पीक, ठेवू नका, अळी त्यातच पोसते.

"भाव नसला तं उपटतो," काका पाकिटं पिशवीत टाकत म्हणाले. "आला तं ठेवतोच. माह्या कर्जाचा हप्ता तुमच्या अळीसाठी थांबते काय?"