मॅक्सीत चढताना आधी गुड मॉर्निंग

त्रिनिदादची तिकिटं काढून झाली आणि 30 डिसेंबर 2024 ला तिथे आणीबाणी जाहीर झाली. टोळ्यांमधले खून वाढले म्हणून. आईला आणीबाणी म्हटलं की 75 सालच आठवतं. पण संचारबंदी नाही असं कळलं, तेव्हा जानेवारीत आम्ही दोघी न्यू जर्सीहून निघालो. पासपोर्ट आणि डॉलर पोटाला बांधून!

एका अमेरिकन डॉलरला तिथले साधारण पावणेसात मिळतात. खोलीवाल्या बाईंनी उरलेलं भाडं अमेरिकन नोटांत मागितलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. नंतर समजलं, तिथल्या लोकांना बँकेतून परकी चलन सहजासहजी मिळतच नाही. बाईंची मुलगी बाहेरगावी शिकते आणि फी डॉलरमध्ये.

फसलो ते टॅक्सीत. नंबरप्लेट एच अक्षराची असेल तरच बसायचं, पी म्हणजे खासगी गाडी, एवढं पाठ करून गेलो होतो. गाडी एचचीच होती. चालकाने विचारलं, ''ड्रॉप?'' मी म्हटलं, हो, सोडा की. तिथे ड्रॉप म्हणजे अख्खी गाडी आपल्या एकट्यासाठी! शेअरच्या कितीतरी पट पैसे गेले. त्याने फोड करून सांगितलं नाही, पण मीही भाव आधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या सिटी गेट स्थानकावरून हिरव्या पट्ट्याच्या मॅक्सीने चग्वानस शहराला निघालो. मॅक्सी म्हणजे शेअरची व्हॅन. पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो. आम्ही चढलो, गुपचूप बसलो. मागून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, ''गुड मॉर्निंग!'' शाळेत बाईंनी उभं करावं तसं वाटलं. आम्ही उत्तर दिलं आणि अख्खी गाडी बोलायला लागली. वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ बघा, पण अंधाराच्या आत परत फिरा. फोन हातात नाचवू नका. ही भीती आम्हा पाहुण्यांसाठी खास काढलेली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या खिडक्यांनाही जाड गज होते. मूळचे मुंबईचे म्हटल्यावर एक आजोबा 'गावस्कर!' म्हणून ओरडले. त्यांचं 1971 चं पदार्पण पोर्ट ऑफ स्पेनलाच, आणि वेस्ट इंडिजविरुद्धचा आपला पहिला कसोटी विजयही. आईने त्यात सरदेसाईंचं शतक जोडलं. मग काय, उतरेपर्यंत क्रिकेटच.

देवळाला मात्र जावंच. शिवदास साधू नावाच्या मजुराने आधी किनाऱ्यावर बांधलेलं देऊळ साखर कंपनीच्या जमिनीवर आहे म्हणून पाडलं गेलं, त्यांना तुरुंगात टाकलं. समुद्र तरी कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून त्यांनी सायकलवरून दगड वाहून पाण्यात भर घातली. ओहोटीला बाजूचा चिखल उघडा पडतो, तेव्हा त्या कामाचा अंदाज येतो.

परतताना रस्त्यावर डबल्स खाल्ले. दोन मऊ 'बारा' म्हणजे तळलेल्या छोट्या रोट्या, मध्ये छोले, वर तिखट. 'स्लाइट', म्हणजे तिखट अगदी थोडं, असं म्हणायचं, नाहीतर डोळ्यांत पाणी. लोक उभ्याने खात होते, आणखी मागत होते, हिशेब कोणी ठेवत नव्हतं. शेवटी विक्रेत्याने मलाच विचारलं, किती झाले? मी पोटाच्या पट्ट्यात हात घालत म्हटलं, चार. तो कागद गुंडाळता गुंडाळता म्हणाला, ''नाही, तीन. आईने एकच खाल्लं.''