पाय चालतो, पण जिना उतरवत नाही

स्ट्रोक (पक्षाघात) झालेल्यांच्या आजच्या फिजिओच्या सत्रांमध्ये पुन्हा तेच दिसलं: पाय चालायला लागलाय, पण माणूस जिना उतरून खाली जात नाही. पुन्हा झटका येईल, पडेन, लोकलच्या गर्दीत बोलताच येणार नाही, ही ती भीती. स्ट्रोकनंतर साधारण ४ पैकी १ जणाला असा चिंतेचा त्रास होतो. घरचे मात्र याला आळस म्हणतात, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

टाळत राहिलं की भीती वाढते, म्हणून टप्पे पाडा. आधी सोसायटीच्या गेटपर्यंत, सोबत कुणीतरी. धडधड बरीच उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, आणि रोज तेच. मग कोपऱ्यावरचं दुकान, मग तेच एकट्याने. लोकल सगळ्यात शेवटी, तीही दुपारी १२ ते ३ च्या दरम्यान, एकाच स्टेशनापुरती. घाबरून लगेच परत फिरलं तर मेंदू ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच शिकतो. श्वास ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, ५ मिनिटं.

वाचा गेली असेल तर भीती किती वाटते ते विचारायला हो-नाहीचे प्रश्न किंवा चेहऱ्यांची चित्रं वापरा.

झोपेची गोळी मनाने देऊ नका, तोल जातो. चिंतेवरच्या काही औषधांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना, रक्तस्रावाचा धोका वाढतो. सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा.

आणि अचानक चेहरा वाकडा झाला, एका बाजूचा हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर ‘घाबरलेत’ म्हणून वाट बघू नका. लगेच १०८. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.