छाटणीचा ऋतू

नाशिकच्या वाइनवरचे जे लघुपट आणि जाहिरातपट माझ्या पाहण्यात आले, ते जवळजवळ सगळे काढणीच्या दिवसांत चित्रित केलेले आहेत. जानेवारी-फेब्रुवारीचे कोवळे ऊन, भरलेले क्रेट, हौदात द्राक्षे तुडवणारे हौशी पाय आणि शेवटी गंगापूर धरणाच्या पाण्यावर मावळणाऱ्या सूर्यासमोर धरलेला पेला असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. ही दृश्ये देखणी असतात, याबद्दल वाद नाही. पण वेलीचे वर्षभराचे आयुष्य त्यांत कुठेच नसते. या प्रदेशावर मला कधी चित्रपट करता आला, तर तो मी एप्रिलमधल्या खरड छाटणीपासून सुरू करीन, आणि काढणीला त्यात फार तर दोन-चार मिनिटे देईन.

याचे कारण भूगोलात आहे. फ्रान्स-इटलीतली द्राक्षवेल थंडी पडताच पाने गाळून झोपी जाते आणि वसंतात आपोआप जागी होते. तिचे वेळापत्रक हवामान ठरवते. विषुववृत्ताच्या उत्तरेला 20 अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर वसलेल्या नाशिकमध्ये असा हिवाळा येतच नाही. इथल्या वेलीला झोप कशी ती ठाऊक नाही, म्हणून तिचा ऋतू माणसाला कात्रीने घडवावा लागतो, आणि तोही वर्षातून दोनदा. एप्रिलमध्ये जुन्या काड्या अगदी आखूड छाटून ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या पसरलेल्या कायमच्या फांद्या, उघडे पाडले जातात. ती खरड छाटणी. त्यानंतर भर उन्हाळ्यात नव्या काड्या वाढतात, आणि पुढच्या दोनेक महिन्यांत, बाहेरून काहीही दिसत नसताना, त्यांच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे नवा फुटवा जिथून येतो त्या कोंबांमध्ये, येत्या हंगामाचे घड तयार होऊ लागतात. शेतकरी याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. या काळात पुरेसे ऊन मिळाले नाही, तर पुढे घड जिरतात, त्यांच्या बाळ्या (नुसते वळणदार तंतू) होतात आणि वर्ष वाया जाते. मग पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी येते. राखलेल्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावून त्यांना फुटायला भाग पाडले जाते, आणि तिथून फुटवे, फुलोरा, मणी, मण्यांत पाणी उतरणे (ते मऊ होऊन पिकू लागणे) असे टप्पे पार करत चार-पाच महिन्यांत द्राक्ष काढणीला येते. दोन छाटण्या आणि एक पीक, असा हा हिशेब आहे.

चित्रपटकाराच्या दृष्टीने यात मोठी पंचाईत आहे, कारण कथेतली सर्वांत महत्त्वाची घटना मे महिन्यात एका बंद डोळ्याच्या आत घडते आणि कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. अशा वेळी फाळक्यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म 1870 साली त्र्यंबकेश्वरचा. त्यांचा मृत्यूही 1944 साली नाशिकमध्येच झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली प्रदर्शित झाला, पण त्याआधी, 1912 साली, भांडवल देऊ शकणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी एका वाटाण्याच्या दाण्याला अंकुर फुटून त्याचे रोप होईपर्यंतची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली होती. भारतीय कथापटाचा खटाटोप एका रोपाच्या चित्रणाने सुरू झाला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत जितक्या ठळकपणे यायला हवी होती तितकी आलेली नाही, असे मला वाटते. पांडवलेण्याच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकात गेले की मला पौराणिक पटांपेक्षा तो वाटाणाच अधिक आठवतो. एखाद्या ओलांड्यासमोर वर्षभर एकच कॅमेरा रोवून ठेवायचा, ही माझी कल्पना सरळ त्यांच्याकडून उसनी घेतलेली आहे. सूक्ष्म घड त्यातूनही दिसणार नाहीत. पण काडी हिरवी असताना मऊ कशी असते, ती तपकिरी होत कशी पिकते, हे तरी दिसेल.

नाशिकच्या प्रवासात मी ‘गाथासप्तशती’ बरोबर ठेवते. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखला जाणारा हा महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे 700 गाथांचा संग्रह, स. आ. जोगळेकरांनी त्याची मराठी आवृत्ती सिद्ध केली. त्यात गोदावरी वारंवार येते, आणि शेते तर जागोजागी येतात. तिथे एक गाथा अशी आहे की, साळीचे शेत पिकून पांढुरके होऊ लागले म्हणून एक तरुणी मान खाली घालून रडते आहे आणि तिची मैत्रीण तिला समजावते आहे: रडतेस कशाला, तोंडाला हरताळाचा पिवळा रंग फासलेल्या नटीसारखी तागाची वाडी उभी आहेच की! पिकाची कापणी झाली की प्रेमिकांचा आडोसा जातो, एवढाच त्या रडण्याचा अर्थ. कापणीकडे उत्सव म्हणून न पाहता कुणाचे तरी काहीतरी हिरावले जाणे म्हणून पाहणारी ही नजर मला कोणत्याही सुगीच्या गाण्यापेक्षा अधिक प्रौढ वाटते, आणि वाइनच्या जाहिरातींनी तिच्याकडून थोडे शिकायला हरकत नाही.

हिवाळ्यात निफाडचा पारा घसरल्याची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकते. शहरातल्या वाचकाला ती गुलाबी वाटते. बागायतदाराला मात्र त्या रात्री झोप लागत नाही, कारण पाणी उतरलेले खाण्याच्या द्राक्षांचे मणी कडाक्याच्या थंडीत तडकतात, आणि ते वाचवण्यासाठी बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्याच तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, नांदूर मधमेश्वरचा जलाशय आहे. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे त्याच दिवसांत तलवार बदके, थापटे आणि चक्रवाक उतरलेले असतात. त्यांना ही थंडी मानवते.

आता खाण्यापिण्याकडे वळते, आणि इथेही मला छाटणीपाशीच यावे लागते. द्राक्ष पिकताना हवा जितकी उष्ण, तितके त्यातले आम्ल झपाट्याने कमी होते. नाशिकची द्राक्षे थंडीत पिकू लागतात आणि वाढत्या उन्हाच्या तोंडावर खुडली जातात, त्यामुळे गोडी छाटणी कोणत्या आठवड्यात झाली यावर पेल्यातला ताजेपणा बराचसा ठरतो. राजीव सामंत यांच्या ‘सुला’ या वाइन कंपनीने 1999 नंतर इथे जी वाट पाडली आणि राज्य सरकारच्या 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर जे कारखाने उभे राहिले, त्यांच्या उत्तम बाटल्या मला चेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या जातींच्या वाटतात, लाल वाइनमध्ये अजून ओकच्या पिंपाचा वास द्राक्षाच्या पुढे धावतो. मिसळीबरोबर रेड वाइन पिण्याची नवी टूम मला पसंत नाही. टॅनिन (रेड वाइनमधले तुरट द्रव्य) आणि मद्यार्क दोन्ही तिखटाचा दाह वाढवतात, त्यामुळे तर्रीही वाया जाते आणि वाइनही. मिसळीनंतर ताकच बरे. मात्र काळ्या मसाल्याचे मटण, बाजरीची भाकरी आणि शिराझ जातीची लाल वाइन ही जोडी जमते. मिऱ्याला त्याचा वास देणारे रोटंडोन नावाचे द्रव्य शिराझमध्येही असते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली दाखवून दिले. तेव्हा ही जोडी केवळ कल्पनेची नाही.

चेनिन ब्लां मी भरलेल्या वांग्याबरोबर घेते. शास्त्र काहीही म्हणो.

छाटणीवरच्या चित्रपटात छाटणी करणारे हात असणारच, आणि ते बहुधा बागमालकाचे नसतात. दिंडोरी आणि निफाडच्या बागांमध्ये पेठ आणि सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरून मजुरांच्या टोळ्या येतात. कोणता डोळा राखायचा आणि कोणता काढायचा, हा निर्णय त्यांच्यातली सराईत माणसे क्षणात घेतात. मुंबई-पुण्याचे पाहुणे ज्या वाइनची चव घेऊन तिच्या गुणांची चर्चा करतात, तिच्यातला हा निर्णय त्या चर्चेत कधी येत नाही. हीच माणसे पाऊस पडला की भात आणि नागली लावायला आपल्या गावी परततात. म्हणून माझ्या कच्च्या आराखड्यात जून-जुलैचे चित्रण बागेत ठेवलेलेच नाही. त्या दोन महिन्यांत वेलीसमोरचा कॅमेरा आपले काम एकटा करील. आम्ही सुरगाण्याला असू, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचे भुजे मिळेल, आणि त्याबरोबर कोणती वाइन जाते हा प्रश्न तिथे कुणी विचारणार नाही.