दाराला डिजिटल कुलूप, चोर कौलातून

घरफोडीनंतर आम्हा घराच्या सुरक्षेची कामं करणाऱ्यांना बोलावणं येतं ते बहुतेक वेळा दार बघायला. मालगुंडच्या पुढच्या एका वाडीतल्या या घराचं दार मात्र जसंच्या तसं होतं. फणसाच्या लाकडाचं, जाड, वर नवं डिजिटल कुलूप. एक कॅमेरा खळ्यावर, म्हणजे अंगणावर, दुसरा बेड्याकडे, म्हणजे फाटकाकडे तोंड करून. पंचनामा उरकला होता. घर गणपतीला आणि शिमग्याला उघडतं, एरवी बंद. मालक ठाण्याहून रात्रीच्या गाडीने आले होते आणि माडीवरच्या खोलीत मॉडेल रेल्वेच्या टेबलाशी उभे होते.

मांडणी एचओ स्केलची, म्हणजे १:८७, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. विषय कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पट्टा: जांभ्याचे कातळ, बोगद्यांची तोंडं आणि मधोमध पानवलचा पूल. मूळ पूल ६४ मीटर उंच, म्हणून इथले खांब साडेत्र्याहत्तर सेंटिमीटरचे. लांबी मात्र ४२४ मीटर, ती मापात घेतली तर पुलालाच जवळजवळ पाच मीटर लागतात, म्हणून ती निम्म्याहून कमी केलेली. अतिशय देखणं काम. पुलाला ओरखडाही नव्हता. डबे रुळांवर उभे, ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी. गेली होती ती फक्त इंजिनं आणि डीसीसीचं, म्हणजे रुळांतून डिजिटल संदेश देऊन गाड्या चालवायच्या पद्धतीचं मुख्य यंत्र, हँडसेटसकट. कपलिंग न मोडता इंजिन सरळ वर उचलून डब्यांपासून सोडवलं होतं. काय न्यायचं हे ठरवूनच माणूस आला होता.

मॉडेल रेल्वेच्या सुरक्षेचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. प्लायवूड, प्लास्टर, रूळ, झाडं हे कोणी उचलून नेत नाही, नेताच येत नाही. पैसा आहे तो हातात मावणाऱ्या वस्तूंत. साउंड डीकोडर (ते संदेश वाचून इंजिन आणि त्याचा आवाज चालवणारा आतला सर्किटचा तुकडा) असलेलं एक एचओ इंजिन भारतात येईपर्यंत सहज वीस-तीस हजारांच्या घरात जातं, आणि अशी दहा इंजिनं शाळेच्या दप्तरात बसतात. म्हणून खोलीला कुलूप लावण्याच्या आधी इंजिनं मांडणीपासून वेगळी करायची. घर बंद होताना रुळांवर एकही इंजिन राहता कामा नये.

आत यायची वाट सापडायला वेळ लागला नाही. मागच्या पडवीलगत पाण्याची टाकी, तिच्यावरून पडवीचं छप्पर, तिथून मुख्य छप्पर. मंगलोरी कौलं खिळ्यांनी ठोकलेली नसतात, खालच्या रिपेला खाचेने अडकून स्वतःच्या वजनावर बसतात. खालून ढकललं की कौल उचलतं आणि वरून ओढलं तर त्याहून सहज. पंधरा-सोळा कौलं बाजूला नीट रचून ठेवलेली, दोन रिपा करवतीने कापलेल्या. माळ्यावरून माडीत उतरायच्या झडपेला आतून-बाहेरून कसलीच कडी नाही. कौलारू घरात पुढच्या दारावर खर्च करून छप्पर मोकळं सोडणं मला पटतच नाही, आणि तरी बहुतेक घरं तशीच आहेत. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखालच्या कप्प्यात होता, तोही गेला. पुतण्याने मे महिन्यात मांडणीचा व्हिडिओ सगळीकडे टाकला होता. त्यात खिडकीतून टाकी, पडवी आणि गावच्या देवळाचा कळस स्पष्ट दिसतो. चोर त्यावरूनच आला असं सिद्ध करता येणार नाही. पण पुढच्या व्हिडिओत खिडकी झाकायची आणि ‘आता गणपतीलाच भेटू’ असं लिहायचं नाही, हे घरात ठरलं.

काम छपरापासून घेतलं. पूर्ण छपराला जाळी करायला मालक तयार होते, पण गरज नव्हती. टेबलाच्या खोलीवरच्या भागाला वाशांच्या खालून तीन मिलिमीटर तारेची, ५० बाय ५० मिलिमीटर घराची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेल्या तारांची जाळी. ती खिळ्यांवर टांगायची नाही, पहारीच्या एका झटक्यात खाली येते. वाशातून आरपार बोल्ट, खाली रुंद वॉशर, साधारण फुटाफुटावर. समुद्र इतका जवळ असताना बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घेतले, ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने तांबूस डाग धरतात. झडपेला खालून अडसर.

माळ्यावर अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर बसवायचा आग्रह बरेच जण धरतात. तो तिथे टिकत नाही. दुपारी कौलं तापतात, संध्याकाळी झपाट्याने निवतात, वटवाघळं आणि कांडेचोर येतात, पाल थेट भिंगावर बसते. चार वेळा खोटा भोंगा वाजला की शेजारी तो बंद करायला सांगतात. त्याऐवजी जाळीतून बारीक एनॅमल तारेचा नागमोडी फेरा फिरवला, टोकाला अलार्मच्या पॅनलबरोबर आलेला रेझिस्टर. तार तुटली तरी भोंगा, दोन टोकं जोडून फसवायला गेलं तरी भोंगा. पीआयआर खाली टेबलाच्या खोलीत, जमिनीपासून सव्वादोन मीटरवर, खिडकीकडे पाठ करून. या खोलीला लाकडी तक्तपोशी आहे म्हणून तो तिथे चालतो.

इंजिनांसाठी माजघरात पोलादी पेटी. इथे जांभा नडतो. दगड मऊ आणि भोकाभोकांचा, भोकात फुगून बसणारा साधा एक्स्पान्शन फास्टनर आवळताना घट्ट वाटतो आणि पहार लावली की भुग्यासकट बाहेर येतो. दहा मिलिमीटरचे आटेदार गज भिंतीच्या आरपार घालून पलीकडच्या खोलीत १०० बाय १०० बाय ६ मिलिमीटरच्या पट्टीवर आवळले. पलीकडची बाजू घराच्या आतच हवी.

बंद पेटी म्हणजे पावसाळ्यात बुरशीचं घर. आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड, आकडा ५० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की १२० अंशांवर दोनेक तास भाजून पुन्हा वापरता येतं. मूळ खोक्यांतला फोम काढून टाकायला सांगितलं. दमट हवेत तो चिकट होऊन रंगाला धरतो. पातळ पॉलिथिनचा कागद बरा.

वीज हा कोकणातला खरा प्रश्न. पॅनल आणि सेन्सर मिळून शंभर मिलिअँपिअर खातात, तेव्हा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवस निभावते. त्याच बॅटरीवर फोरजी राउटर जोडला तर अर्धा अँपिअर वाढतो आणि अकरा-बारा तासांत सगळंच बंद. राउटर आणि नवा डीव्हीआर वेगळ्या इन्व्हर्टरवर घेतला, डीव्हीआर माळ्याखालच्या बंद कोनाड्यात. पॅनलचा डायलर, म्हणजे भोंगा वाजताच मोबाइल नेटवर्कवरून कळवणारा भाग, फोरजीवर चालणारा घेतला. स्वस्त डायलर टूजीवर चालतात, त्यांत जिओचं सिम घालून उपयोग नाही, जिओला टूजी नेटवर्कच नाही.

संध्याकाळी मालकांबरोबर तक्रारीची यादी केली. भारतीय न्याय संहितेचं ३०५ कलम राहत्या घरातल्या चोरीचं आहे, पण तपासाला धार येते ती वर्णनाने. ‘खेळण्यातली रेल्वे’ असं लिहून भागत नाही. कंपनी, मॉडेल क्रमांक, बिल, खालच्या बाजूचा फोटो, हाताने रंगवलेला गाडी क्रमांक. उरलेल्या आणि नव्या इंजिनांसाठी आणखी एक सोय आहे. डीकोडरमधले सीव्ही, म्हणजे सेटिंग साठवायचे क्रमांकित कप्पे, त्यांतले १०५ आणि १०६ मालकाच्या ओळखीसाठी राखलेले असतात, त्यांत ० ते २५५ मधला आपला आकडा प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग भरायच्या वेगळ्या रुळावर) भरून ठेवायचा. सगळ्या डीकोडरांत ही सोय नसते, म्हणून भरल्यावर वाचून बघायचं. विम्याचे कागदही काढले. अनेक पॉलिसींत घर सलग ३० दिवस बंद राहिलं तर घरफोडीचं संरक्षण थांबतं आणि या पॉलिसीतही ती ओळ होती. बंद घरासाठी आधी कळवून वेगळी नोंद घ्यावी लागते.

एसएमएस मालकांबरोबर शेजारच्या काकांनाही जातो. त्यांना एवढंच सांगितलं की भोंगा वाजला तर आत जायचं नाही, आपल्या ओटीवरचा दिवा लावायचा आणि ११२ ला फोन करायचा. महिन्यातून एकदा ते मेन स्विच पाडून पॅनल बॅटरीवर चालतं का बघतील. मागचं दार उघडलं की पॅनलला कळवणारा चुंबकी संपर्क तूर्त पंधरा मिलिमीटरच्या फटीवर जुळवला आहे. पावसात दार फुगलं की तो सरकणार, तेव्हा सुताराने दार तासल्यावर चुंबक नव्याने लावायला मला पुन्हा जावं लागेल.